मुलकोवालची बाटली : लसीच्या परिणामांची पारख



जुन्या इंदुरात कोणत्याही घरी वडीलधाऱ्या माणसाच्या दंडाकडे पाहिले, तर तेथे एक वाटोळा, खोलगट वण आढळतो. तो देवीच्या लसीचा वण. त्याच घरातील नातवाच्या डाव्या खांद्यावरही लहानसा वण असतो. तो मात्र क्षयरोगाच्या, म्हणजे बी.सी.जी. लसीचा. एका परीने हे दोन्ही वण लसीचे परिणामच होत. शरीराने लसीला दिलेले ते उत्तर आहे. असे असूनही लस टोचल्यानंतर बाळाला रात्री ताप आला की घरात एकच धांदल उडते. कोणी लसीला दोष देतो, तर कोणी 'काही होत नाही' म्हणून विषय मिटवतो. हे दोन्ही निवाडे चौकशीवाचून दिलेले असतात. लसीचे परिणाम ओळखण्याची विद्या माणसाने कशी मिळवली आणि त्यासाठी काय किंमत मोजली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या शहरात राजवाड्यानजीक शीतलामाता बाजार आहे. आज तेथे कापडाची खरेदी चालते. परंतु नाव आहे ते देवीच्या रोगाची अधिष्ठात्री मानलेल्या मातेचे. आदल्या दिवशीचे थंड अन्न खाऊन शीतला सप्तमी पाळणाऱ्या समाजात लस आली, तेव्हा मराठीने तिला शब्दही त्याच श्रद्धेतून दिला : 'देवी काढणे'. हिंदुस्थानात पहिली देवी १४ जून १८०२ रोजी मुंबईत काढली गेली, ती अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरील फोडातील द्रव पुढे इतरांना टोचण्यात आला आणि अशा रीतीने दंडावरून दंडावर लस देशभर पोहोचली.

या लसीचे परिणाम ओळखण्यास पंचांग पुरेसे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तांबडी पुळी येई. आठव्या दिवसाच्या सुमारास ती पुवाने भरे, काखेत गाठ येई, अंग तापे. पुढे खपली धरे आणि तिसऱ्या आठवड्यात ती गळून वण राही. फोड उठला नाही, तर लस लागू पडली नाही असे समजून पुन्हा टोचत. म्हणजे परिणाम होणे हीच यशाची खूण होती. मात्र या क्रमाबाहेर काही घडले, फोड चिघळत गेला किंवा अंगभर पसरला, तर ती धोक्याची सूचना असे. दंडावरून दंडावर लस नेताना कधी दुसऱ्याच्या रक्तातील रोगही सोबत जाई. इटलीतील रिव्हाल्टा येथे १८६१ साली अनेक बालकांना अशा रीतीने उपदंशाची बाधा झाली. तो दोष देवीच्या लसीचा नव्हता, ती नेण्याच्या पद्धतीचा होता. हा भेद ध्यानी आला म्हणूनच पुढे वासराच्या कातडीवर लस तयार करण्याची रीत रूढ झाली.

हाच भेद पुढे प्लेगच्या काळात फार कठोरपणे शिकावा लागला. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती मोठ्या मात्रेत प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. मग ती ओसरली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यांपैकी काहींच्या अंगी त्याच दिवशी प्लेगची लक्षणे दिसली. लसीनेच प्लेग झाला, असे कोणासही वाटावे. परंतु प्लेगचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. शिवाय त्या लसीतील जंतू उष्णतेने मारलेले होते. ते कैदी आधीच बाधित होते. एका घटनेमागून दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हा इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेला नियम तेथे वैद्यकाला उपयोगी पडला.

आता मुलकोवालची हकीकत. पंजाबातील या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना पाच बाटल्यांतून प्लेगची लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. एकोणीसही जणांना लस एकाच बाटलीतून दिली होती. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी कोणासही धनुर्वात झाला नाही. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली होती. हाफकिन यांनी मागणी भागवण्यासाठी लसीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते. तेव्हा दोष त्यांच्यावर आला, चौकशी बसली आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

वस्तुतः उत्तर त्या गावातच होते. बाटली उघडतेवेळी साहाय्यकाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापवता केवळ जंतुनाशक द्रवात बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण जाणतोच. शिवाय परळपासूनच ते बाटलीत वाढत असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा अन्याय वेशीवर टांगला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. परंतु हे सांगताना मुलकोवालचे ते एकोणीस जीव विसरून चालणार नाही. हाफकिन निर्दोष होते, पण ती माणसे लस टोचून घेतल्यामुळेच मेली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत.

चौकशीची जागा रिकामी राहिली की तेथे अफवा येऊन बसते, याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. खान नदी (आज तिला कान्ह म्हणतात) आणि सरस्वती यांच्या काठी वसलेल्या आपल्या इंदुरालाही प्लेगने छळले. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. नकाशा घेऊन गल्लीबोळ हिंडणारा हा वृद्ध साहेब प्लेग आणतो, अशी वदंता लोकांत पसरली होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. गेडिस रागावले नाहीत. त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढविली. तीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि ज्या रस्त्यावरील घरे अधिक स्वच्छ व डागडुजी केलेली, त्याच रस्त्याने मिरवणूक जाईल असे जाहीर केले. भयाला त्यांनी हुकमाने नव्हे, लोकांना सहभागी करून उत्तर दिले.

आजचे वैद्यक लसीनंतरच्या त्रासाची कारणे पाच प्रकारांत पाहते : लसीचा अंगभूत गुण, तिच्या निर्मितीतील दोष, ती साठवण्यात वा टोचण्यात झालेली चूक, सुईच्या भयाने आलेली भोवळ आणि निव्वळ योगायोग. भायखळ्याचे कैदी शेवटच्या प्रकारात येतात, मुलकोवाल तिसऱ्यात. पालकाला ओळख पटवण्यास तीन प्रश्न पुरतात : काय झाले, किती वेळाने झाले आणि आणखी कोणाला झाले?

टोचल्या जागी दुखणे, सूज, एक-दोन दिवस ताप व किरकिर हे अपेक्षित आहे. गोवराच्या लसीनंतरचा ताप वा पुरळ सुमारे पाच ते बारा दिवसांनी येतो. बी.सी.जी.ची पुळी दोन ते चार आठवड्यांनी उठते, फुटते आणि आपोआप भरते. तिला काही लावू नये. याउलट काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, चेहरा वा ओठ सुजणे, श्वास कोंडणे, नाडी क्षीण होणे ही तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे होत. त्यावर अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन तत्काळ द्यावे लागते. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबवतात ते याचसाठी. शाळेत रांगेत उभी असलेली मुले भोवळ येऊन पडतात, ती बहुधा आडवे निजवताच सावरतात. झटके येणे, तीन तासांहून अधिक काळ न थांबणारे रडणे, मूल निपचित पडणे, टोचल्या जागी गळू होणे, यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठावा आणि लस देणाऱ्या केंद्राला कळवावे. एकाच सत्रातील अनेक मुले काही तासांत आजारी पडली, तर कुपीचा संशय घ्यावा. गंभीर घटना आरोग्य कर्मचाऱ्यांनी चोवीस तासांत वर कळवावी, असा आपल्याकडे नियम आहे.

कळवण्याने लसीची बदनामी होते, असे काहींना वाटते. इतिहास उलट सांगतो. पोलिओच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीतील दुर्बल केलेला जिवंत विषाणू लाखो मात्रांमागे एखाद्या बालकास पांगळे करू शकतो, हे नोंदींमुळेच कळले. त्याच लसीच्या बळावर भारतातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यानंतर २०१५ साली मृत विषाणूची टोचण्याची लस सोबतीला आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या लसीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला. लसीचा दोष मान्य केल्याने लसीकरण बुडाले नाही. ते अधिक निर्धोक झाले.

भारतात देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. वडिलांच्या दंडावरील तो वण आता कोणाच्याही अंगावर नव्याने उठण्याची गरज उरलेली नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्यासारखे शिक्षक वर्गात एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावत : आधी घटना नीट विचारा, मग निकाल द्या. बाळाला ताप आला त्या रात्री दिनांक, वेळ आणि कुपीचा क्रमांक कागदावर टिपून ठेवणारी आई हेच इतिहासलेखन करीत असते. मुलकोवालला त्या बाटलीचा क्रमांक नोंदवलेला होता, म्हणूनच पाच वर्षांनी का होईना, सत्य हाती लागले.