टाचेतला एक थेंब

आजच्या भागात ना राजे, ना लढाया. आजचा इतिहास आहे नवजात बाळाच्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबाचा.

थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नसेल, तर बाळाकडे बघून बहुतेक वेळा काहीच कळत नाही. बाळ खूप झोपतं, फार रडत नाही. घरचे म्हणतात, "किती गुणी बाळ आहे!" लक्षणं ओळखू येईपर्यंत महिने जातात, तोवर मेंदूच्या वाढीचं नुकसान झालेलं असतं आणि ते पूर्ण भरून निघत नाही. उपाय मात्र साधा, रोज थायरॉक्सिनची गोळी. अडचण होती ती वेळेत कळण्याची.

अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात टिपकागदावर सुकवलेल्या रक्तातून एक वेगळाच आजार शोधायला सुरुवात केली होती. कॅनडातल्या क्युबेकमध्ये जाँ द्युसो यांनी तसल्याच कागदावरच्या थेंबातून थायरॉक्सिन मोजून दाखवलं. १९७४ पासून क्युबेकमध्ये नवजात बाळांची ही तपासणी सुरू झाली.

आणि लगेच नवा पेच! लवकर जन्मलेल्या कितीतरी बाळांचा आकडा कमी यायला लागला. का? थायरॉक्सिन आईच्या पोटात शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतं. ३५-३६ आठवड्यांच्या बाळातही ते पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा थोडं कमी असू शकतं. बहुतेकदा ते आपोआप वाढतं.

मग सरसकट गोळी द्यायची का? नेदरलँड्समध्ये ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या २०० बाळांवर हे करून पाहिलं. १९९७ साली निकाल आला : एकंदरीत फायदा दिसला नाही.

पण मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीची थायरॉइडला मारलेली हाक. लवकर आलेल्या काही बाळांमध्ये ही हाकच उशिरा वाढते. पहिल्या चाचणीत सगळं नॉर्मल आणि काही आठवड्यांनी आजार उघडा पडतो! म्हणून अशा बाळांची डॉक्टर पुन्हा चाचणी करायला सांगतात.

तेव्हा तुमच्या घरी, मित्राच्या घरी असं घाईत आलेलं पाहुणं असेल, तर "पहिला रिपोर्ट चांगला होता की" म्हणून दुसरी तारीख चुकवू नका. आकडा कमी आला म्हणून घाबरूही नका, डॉक्टरांना विचारा.

भेटूया पुढच्या भागात!