अपग्रेड सारखं फसतंय? आधी डाउनलोड केलेली फाइल तपासा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घराघरांतल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ टाकण्याची लगबग सुरू झाली. काही ठिकाणी मात्र गाडी अडते. इन्स्टॉलेशन सुरू होतं, टक्केवारी पुढे सरकते, संगणक दोनतीनदा रीस्टार्ट होतो आणि शेवटी जुनी विंडोज परत येते. पुन्हा केलं तरी तेच. मग प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क या सगळ्यांवर संशय घेतला जातो. कित्येक जीबीची जी आयएसओ फाइल डाउनलोड केली, ती धड आली का हे फारसं कुणी पाहत नाही.

एरर कोडवरून थोडा अंदाज येतो. कोडच्या शेवटी ८००७०५७० असेल तर त्याचा अर्थ फाइल किंवा फोल्डर खराब झालंय, वाचता येत नाही. इथे पहिला संशय डाउनलोडवर आणि दुसरा डिस्कवर घ्यावा. कोड सी१९००१०१ पासून सुरू होत असेल तर दोष बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरचा असतो; फाइल पुन्हा डाउनलोड करून डेटा संपवण्यात अर्थ नाही.

हॅश म्हणजे काय?

फाइलमधला प्रत्येक बिट एका गणिती प्रक्रियेतून गेला की ठरावीक लांबीची एक अक्षरमाला तयार होते. तिला हॅश म्हणतात. आज बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. फाइल चार केबींची असो वा सहा जीबींची, लांबी तेवढीच. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी अक्षरमाला पार वेगळी येते. म्हणून कंपनीने जाहीर केलेला हॅश आणि आपल्या फाइलचा हॅश जुळला, तर फाइल जशीच्या तशी आली असं मानता येतं. एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतींत एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइल मुद्दाम बनवता येतात, हे अनुक्रमे २००४ आणि २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. वाटेत झालेली मोडतोड त्या आजही पकडतात, पण मुद्दाम केलेल्या भेसळीविरुद्ध त्यांच्यावर विसंबू नये.

विंडोजमध्ये यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पॉवरशेल उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करावी, एक स्पेस द्यावी, आयएसओ फाइल माउसने ओढून त्या खिडकीत सोडावी आणि एंटर दाबावं. थोड्या वेळात हॅश दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ डाउनलोड पानावर भाषेनुसार हॅशचा तक्ता दिलेला असतो. तिथे नेमकी आपलीच ओळ पाहावी: ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ आणि ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ या दोन वेगळ्या फाइल आहेत, त्यांचे हॅशही वेगळे. ६४ अक्षरं डोळ्यांनी जुळवत बसू नये. आपला हॅश नोटपॅडमध्ये पेस्ट करून पानावरचा हॅश ‘फाइंड’मध्ये टाकला की काम झालं. अक्षरं लहान की मोठ्या लिपीतली, याने फरक पडत नाही.

एक गोष्ट पुष्कळांना गोंधळात टाकते. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेली आयएसओ त्या तक्त्याशी जुळत नाही, कारण ते टूल फाइल आपल्याच संगणकावर तयार करतं. हॅश तपासायचा असेल तर त्या पानावरून थेट आयएसओच घ्यावी. तिथे मिळणारी लिंक २४ तासच चालते.

हॅश जुळला नाही तर फाइल काढून टाकून पुन्हा डाउनलोड करावी, शक्यतो वायफायऐवजी केबलने. पण एकाच फाइलचा हॅश दोनदा काढला आणि दोन्ही वेळा वेगळा आला, तर प्रकरण गंभीर आहे. फाइल तीच, मग उत्तर बदलतंच कसं? अशा वेळी रॅम किंवा डिस्क वाचनातच चूक करत असते. आधी विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवावं. अपग्रेडचं नंतर पाहू.

हॅश जुळला, पण कोणाशी?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात हॅकर घुसले आणि मिंट १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीची डाउनलोड लिंक त्यांनी भेसळ केलेल्या आयएसओकडे वळवली. त्या फाइलमध्ये चोरदरवाजा होता. ज्याच्या हाती संकेतस्थळ आहे, तो तिथला हॅशही बदलू शकतो. म्हणूनच उबुंटू, मिंटसारख्या प्रणाली हॅशच्या यादीवर डिजिटल सही देतात आणि ती सही तपासणं हीच खरी खात्री. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या’ विंडोजसोबत कुणी हॅश दिलाच, तरी तो भेसळीचाच हॅश असणार. अशा आयएसओतल्या सेटअप फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही दिसली म्हणूनही निर्धास्त होऊ नये. ती सही त्या एका फाइलपुरती असते, आतला बाकीचा माल कुणीही बदललेला असू शकतो.

फाइल अस्सल निघाली तरी पेन ड्राइव्ह दगा देऊ शकतो. फॅट३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. स्वस्तातले काही पेन ड्राइव्ह वर ६४ जीबी लिहिलेलं असूनही आत खूपच कमी जागेचे असतात. लिहिलेला डेटा निमूटपणे गायब होतो. चालू विंडोजवरच अपग्रेड करायचं असेल तर पेन ड्राइव्ह लागतच नाही. आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते आणि तिथूनच सेटअप चालवता येतं. एवढं करूनही अपग्रेड फसलं, तर मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग हे मोफत साधन चालवावं. ते इन्स्टॉलेशनच्या नोंदी वाचून कुठे अडलं ते सांगतं, आणि पुष्कळदा तिथे एखाद्या जुन्या ड्रायव्हरचं नाव सापडतं.