चार राजधान्या, दोन नद्या : गोव्यातील नगरांची जडणघडण

नगर कोठे वसावे हे पुष्कळदा भूगोल ठरवतो. ते कसे दिसावे, कोणती भाषा बोलावे आणि काय खावे हे मात्र तेथे येणारी-जाणारी माणसे ठरवतात. गोव्याच्या लहानशा भूमीत एकामागून एक चार राजधान्या नांदल्या. त्यांचा इतिहास या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो.

कदंबांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, कुशावतीच्या काठी आतल्या भागात होती. ११व्या शतकात समुद्री व्यापार वाढला तेव्हा कदंबांनी जुवारीच्या मुखाजवळील गोपकपट्टण येथे राजधानी हलवली. आजचे गोवा वेल्हा ते हेच. अरब व्यापारी येथे स्थायिक झाले होते. त्यांच्यापैकी एका घराण्यातील पुरुषाला राज्यकारभारात अधिकारपद मिळाले आणि मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर लावण्यात आला, असे कदंबांच्या लेखांवरून दिसते. पुढे आक्रमणांनी नगर खिळखिळे झाले, जुवारीच्या गाळाने बंदर उथळ केले आणि व्यापार मांडवीकाठच्या एला येथे सरकला.

एलाचे स्थान विलक्षण सोयीचे होते. मांडवी आणि जुवारी यांच्यामध्ये तिसवाडीचे बेट आहे आणि कुंभारजुवेचा जलमार्ग या दोन्ही नद्यांना जोडतो. पावसाळ्यात वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीचे मुख जहाजांना बंद होई, तेव्हा जुवारीकडून आत येण्याची वाट खुली राही. अरबस्तान व इराणकडचे घोडे येथे उतरून दख्खनच्या राज्यांकडे जात. या घोडेबाजारासाठीच गोव्यावर बहामनी, विजयनगर आणि आदिलशाही यांची नजर होती. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्क याने हे नगर जिंकले. १५३० मध्ये ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले.

या राजधानीत देवाणघेवाण आणि दडपशाही एकत्र नांदली. १५४० नंतर तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली; १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, ते १८१२ पर्यंत टिकले. अनेक दैवते सीमेपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे नेण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला गेला तो याच काळात. तरीही त्याच गोव्यात १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना सुरू झाला आणि १५६३ मध्ये गार्सिया द ओर्त याचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ छापला गेला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

वास्तूंतही हा संगम उमटला. युरोपीय धाटणीची चर्चे स्थानिक जांभ्या दगडात उभी राहिली. बॉम जेझूस बासिलिकेसाठी वसईहून दगड आला. उलट दिशेने, फोंड्याच्या देवळांनी घुमट आणि कमानी स्वीकारल्या. पाव, पगार, चावी, घमेले, अननस हे शब्द मराठीत रुळले ते पोर्तुगिजांच्या संपर्कातून.

या वैभवशाली नगराला अखेर पाण्यानेच घेरले. दूषित विहिरी आणि वारंवार येणाऱ्या साथींमुळे वस्ती ओसरली. डच स्पर्धेने व्यापार घटला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीतील आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहावयास आले. दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांच्या कारकिर्दीत (१८२७-१८३५) वाळूच्या टेकड्या सपाट करून व दलदली भरून सरळ रस्ते आखले गेले. १८४३ मध्ये ‘नोव्हा गोवा’ या नावाने पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या नगरातील पडक्या वास्तूंचे दगड नव्या बांधकामांना लागले. वाड्याशेजारील म्हामाय कामत घराण्याच्या पेढीची कागदपत्रे मोडी मराठी, पोर्तुगीज, फ्रेंच अशा अनेक भाषांत आहेत. शासक कोणीही असो, नगर चालत होते ते अशा मध्यस्थांच्या बळावर.

जुन्या गोव्यातील चर्चे व मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मात्र त्यांच्या भोवतीचे नगर उरलेले नाही, हेही तेथे गेल्यावर तितकेच ठळकपणे जाणवते. जुवारीकाठी गाळाने व्यापार हलवला, मांडवीकाठी साथींनी वस्ती हलवली. पणजी तर खाजणे आणि दलदल भरून उभी आहे. मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आली की तिच्या सखल रस्त्यांवर पाणी साचते. आधीच्या नगरांना सरकायला दुसरा काठ मिळाला. दाट वस्तीच्या आजच्या गोव्यात तशी मोकळी जागा नाही. म्हणून नाले, खाजणे आणि नदीपात्र यांची निगा हा या राजधानीच्या अस्तित्वाचाच प्रश्न ठरतो.