गोटीच्या बाटलीपासून दोन लिटरपर्यंत

मुंबई-पुण्यात गोड सोड्याचा धंदा रुजवला तो मुख्यतः पारशी आणि इराणी घराण्यांनी. पालनजींचा कारखाना मुंबईत १८६५ साली निघाला, पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर १८८४ मध्ये, तर दिनशाजी पांडोल यांची ड्यूक कंपनी १८८९ मध्ये. पारशी लग्नाच्या पंगतीत लालभडक रास्पबेरी लागायचीच. कॉलेजातल्या पोरांपर्यंत ती पोहोचली इराण्याच्या हॉटेलातून.

त्या काळची खरी करामत बाटलीत होती. लंडनच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीला झाकण नसे. ती उलटी धरून भरत, मग आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर घट्ट बसे. अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने गोटी दाबली की फस्सकन आवाज व्हायचा. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला दोन खाचा असत.

पुढे बिल्ल्याच्या बाटल्या आल्या. विलेपार्ल्याच्या पारलेने गोल्ड स्पॉट काढले, आणि १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर पडल्यावर थम्स अपला मैदान मोकळे मिळाले. पेय बदलले तरी एक गोष्ट तशीच राहिली: काचेची बाटली दुकानदाराला परत द्यायची असे. गाड्यापाशी उभ्याने प्यायचे, नाहीतर डिपॉझिट भरायचे. त्यामुळे एका वेळी पोटात जाई ते दोनशे-तीनशे मिलिलिटर. विद्यार्थ्यांच्या सवयीला हा लगाम आरोग्याच्या उपदेशाने घातलेला नव्हता, तो बाटलीनेच घातलेला होता.

१९९३ मध्ये कोका-कोला परतली, पारलेचे ब्रँड तिने विकत घेतले आणि हळूहळू प्लास्टिकची बाटली सर्वत्र झाली. ती दप्तरात मावते, वर्गात जाते, आणि दोन लिटरची बाटली हॉस्टेलच्या खोलीत चौघांत फिरते. कोलाच्या शंभर मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे सहाशे मिलिलिटरच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, शक्यतो पंचवीस ग्रॅमच साखर हवी. लेबलावर आकडा असतो, पण शंभर मिलिलिटरचा. गुणाकार पिणाऱ्याने करायचा.

शीतपेयांबद्दल देशात मोठी खळबळ उडाली ती २००३ मध्ये, तीही कीटकनाशकांच्या अंशांवरून. शरद पवारांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने २००४ मध्ये त्यावर अहवाल दिला. त्या गदारोळात साखरेचा प्रश्न बाजूला पडला, हे दुर्दैवच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांच्या आवारात जंक फूड विकू नये असे कळवले. मात्र ही सूचना आवारापुरतीच होती. कॉलेजच्या फाटकासमोरच्या टपरीवरचा फ्रीज तिच्या कक्षेत येत नव्हता.