एका नावाचा वाद, अडीच तासांचा खोळंबा

११ मार्च २०१६. कॅनडातल्या ‘किक’ या मेसेजिंग कंपनीकडून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला एक ईमेल जातो. अझेर कोचुलू या प्रोग्रामरने ‘किक’ नावाचं पॅकेज एनपीएमवर आधीच नोंदवलेलं आहे. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं सार्वजनिक कोठार. तिथे एका नावाचं एकच पॅकेज राहू शकतं. कंपनीला ते नाव हवं आहे. कोचुलू नाही म्हणतात. पुढच्या ईमेलमध्ये ट्रेडमार्कच्या वकिलांचा उल्लेख येतो. कोचुलू ३० हजार डॉलर मागतात.

१८ मार्च. एनपीएमचे प्रमुख आयझॅक श्लूटर निर्णय कळवतात: नाव कंपनीला. ‘किक’ मागवणाऱ्याला बहुधा कंपनीचंच पॅकेज अपेक्षित असेल, हा त्यामागचा आधार. नाव कोणाचं, एवढंच एनपीएमचा तेव्हाचा नियम विचारत होता. ज्याच्याकडून ते काढून घ्यायचं, त्याच्या हाती आणखी काय आहे, हे विचारत नव्हता.

निर्णयानंतर कोचुलू लेखी कळवतात: माझी सगळीच पॅकेजेस काढून टाका. इशारा याहून स्पष्ट असू शकत नव्हता. उत्तरात त्यांना एक कमांड मिळते. ती चालवली की सगळं निघेल. आपला कोड काढून घेण्याचा हक्क त्यांना होताच. त्या कोडवर कोण अवलंबून आहे, हे पाहायला लावणारी एकही पायरी मात्र वाटेत नव्हती.

त्या पॅकेजेसमध्ये एक होतं ‘लेफ्ट-पॅड’. कोडच्या ११ ओळी. काम एवढंच, की मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची. ७ चे ००७ करायचे. आदल्या महिन्यात ते जवळपास २५ लाख वेळा डाउनलोड झालं होतं. ते वापरणाऱ्या कित्येकांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी मागवलेलं असायचं ‘बेबल’सारखं दुसरंच पॅकेज. ‘बेबल’च्या साखळीत होतं ‘लाइन-नंबर्स’, आणि ‘लाइन-नंबर्स’ला लागायचं ‘लेफ्ट-पॅड’.

२२ मार्च, मंगळवार. पॅसिफिक वेळेनुसार दुपारचे २:३०. भारतात बुधवारच्या पहाटेचे ३. ‘किक’सह २७३ पॅकेजेस काढली गेली आहेत. लगेचच एनपीएमला मिनिटाला शेकडो बिघाड दिसू लागतात.

२:४० च्या सुमारास दुसरा एक प्रोग्रामर मोकळ्या झालेल्या ‘लेफ्ट-पॅड’ नावावर तसंच काम करणारा कोड चढवतो, आवृत्ती १.०.०. तो मदतीला आला होता. घातक कोड घेऊन कोणी त्याच्या आधी पोहोचला असता, तर नाव त्यालाही मिळालं असतं. त्या दुपारचा सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो.

बिघाड थांबत नाहीत. ‘लाइन-नंबर्स’ला नेमकी ०.०.३ हीच आवृत्ती हवी आहे, आणि एकदा काढलेली आवृत्ती पुन्हा चढवता येत नाही.

४:०५. एनपीएम जाहीर करतं, की ०.०.३ बॅकअपमधून परत आणणार. लेखकाने काढलेलं पॅकेज असं परत ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

४:५५. ०.०.३ पुन्हा जागेवर.

२९ मार्च. तेव्हाचा नवा नियम: २४ तास उलटल्यावर लेखकाला पॅकेज स्वतः काढता येणार नाही. त्याने एनपीएमला कळवायचं; इतर कोणाचं काम त्यावर अडत असेल, तर ते काढलं जाणार नाही. ही तपासणी १८ मार्चलाही करता आली असती.