टोल्यांचे घड्याळ आणि भिवापूरचा मध्यान्ह

मराठीतला ‘तास’ आधी ऐकू आला, मग मोजला गेला. तास म्हणजे मुळात वेळ कळावी म्हणून ठोकायची धातूची थाळी. तिचेच नाव पुढे कालमापनाला मिळाले. इंग्रजीतील ‘क्लॉक’ही घंटेच्या लॅटिन नावावरूनच आलेला. तेव्हा टोल्यांच्या जुन्या लाकडी घड्याळाचा जीर्णोद्धार करायचा, तर त्याचा आवाज आधी जपावा, असे आम्हांस वाटते.

अशा घड्याळात बहुधा दोन यंत्रे असतात व त्यांना वेगवेगळी किल्ली द्यावी लागते. एक काटे चालवते, दुसरे टोले देते. जुन्या रचनेत टोल्यांचा हिशेब एका खाचांच्या चक्राकडे असे. खाचांमधील अंतर क्रमाने वाढत जाई, तसे टोलेही वाढत. बारा तासांत ७८ टोले, दिवसाकाठी १५६. या चक्राला फक्त क्रम ठाऊक. काटे नुसतेच पुढे ढकलले, तर तिनाला सात टोले पडू शकतात.

देवळाचा जीर्णोद्धार म्हणून जुन्या दगडावर तैलरंग फासावा, तसे आपण घड्याळांचे करतो. आत सेलचे यंत्र बसवतो आणि पेटीला चकाकी आणतो. वेळ बिनचूक होते, घड्याळ मात्र नाहीसे होते. इंग्लंडमध्ये सुताराचा मुलगा जॉन हॅरिसन याने १७२०च्या दशकात ब्रॉकल्सबी पार्क येथे बसवलेले मनोऱ्याचे घड्याळ मुख्यतः लाकडी आहे. घर्षणाच्या जागी त्याने जात्याच तेलकट लाकूड वापरले, म्हणून त्याला वंगण लागत नाही. ते आजही चालते.

दुरुस्तीनंतर प्रश्न उरतो, घड्याळ कोणत्या वेळेला लावायचे? नागपूर जिल्ह्यातील भिवापूरचेच पाहू. ते सुमारे ७९.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे भिवापूरचा मध्यान्ह सरासरीने बारा मिनिटे उशिरा येतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली. त्याआधीचे एखादे घड्याळ तिथे सूर्यावर लावलेले असेल, तर त्याचे बारा टोले आजच्या बारा वाजून बारा मिनिटांना पडत.

ती वेळ परत आणता येणार नाही, आणण्याचे कारणही नाही. परंतु काढलेले झिजलेले चाक भंगारात न टाकता, काय बदलले आणि कधी, या टिपणासह पेटीतच ठेवता येईल. एवढे झाले, तरी जीर्णोद्धारात इतिहास पुसला गेला असे म्हणावे लागणार नाही.