एक विश्व, एक काळ : 'ईव्ह ऑनलाइन' या खेळाची वाटचाल



ज्यांनी आयुष्यभर भाषा आणि इतिहास शिकविला अशा गुरुवर्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत संगणकावरील एका खेळाविषयी बोलावे, याचे काही जणांना नवल वाटेल. म्हणून विषयाच्या निवडीचे कारण प्रारंभीच सांगतो. जनसमूहाला 'आपला' असा एकच इतिहास असण्यासाठी काय लागते, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा जुना प्रश्न आहे. राष्ट्रे आणि राज्ये यांच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधताना मूळ आरंभ काळोखात हरवलेला असतो. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळविषयक खेळाचा आरंभ मात्र तारखेनिशी ज्ञात आहे, त्यातील प्रत्येक तांत्रिक बदलाची कारणे ज्ञात आहेत, आणि तेथे लाखो माणसांनी मिळून जे घडविले त्याला इतिहास म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. हा इतिहास का घडू शकला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अंतराळयुद्धाचा खेळ संगणकाइतकाच नाही, तरी बराच जुना आहे. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोन खेळाडूंचा खेळ पूर्ण केला. पुढे इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर १९७३ मध्ये जॉन डॅलेस्के यांनी 'एम्पायर' हा खेळ रचला. त्यात दूरदूरच्या पडद्यांपुढे बसलेले अनेक जण एकाच वेळी परस्परांशी लढू शकत. तेथे मध्यवर्ती संगणक एकच असल्यामुळे खेळाचे विश्वही आपोआप एकच होते. १९८४ मध्ये इंग्लंडात डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा 'एलीट' आला. एका छोट्या घरगुती संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे बसविले. हे तारे साठविलेले नव्हतेच. एका गणिती सूत्रातून ते दर वेळी नव्याने, पण अचूक तसेच, निर्माण होत. त्या विश्वात व्यापार होता, चाचेगिरी होती, परंतु खेळाडू एकटाच होता.

'एलीट'च्या विश्वात हजारो माणसे एकाच वेळी आणली तर काय होईल, ही कल्पना ज्यांना सुचली ते तरुण आइसलँडचे होते. त्या काळी ज्याची लोकसंख्या तीन लाखांच्याही आत होती, अशा या देशाच्या राजधानीत, रेक्याविक येथे, १९९७ साली रेनिर हार्दार्सन, थोरोल्फुर बेक आणि ईव्हार क्रिस्त्यान्सन यांनी 'सीसीपी' ही कंपनी स्थापन केली. भांडवल नव्हते. म्हणून १९९८ मध्ये त्यांनी 'हाइत्तुस्पिल' नावाचा पटावरचा एक साधा खेळ काढला. त्या चिमुकल्या देशात त्याच्या सुमारे दहा हजार प्रती खपल्या आणि त्या पैशावर अंतराळाची पायाभरणी झाली. पुढे ज्यांनी कंपनीची धुरा दीर्घकाळ वाहिली ते हिल्मार व्हेइगार पेटुर्सन २००० साली तांत्रिक प्रमुख म्हणून आले. ६ मे २००३ रोजी खेळ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कंपनीने आपल्या अमेरिकन प्रकाशकाकडून हक्क परत विकत घेतले आणि दुकानांतील खोक्यांऐवजी इंटरनेटवरून थेट वितरणाचा, मासिक वर्गणीचा मार्ग धरला.

आता त्या मूळ निर्णयाकडे वळू. इंटरनेटवरील बहुखेळाडू खेळ १९९७ नंतर फोफावले, तेव्हा एका सर्व्हरवर मावतील त्याहून अधिक माणसे दारात उभी राहिली. 'अल्टिमा ऑनलाइन'च्या निर्मात्यांनी यावर तोड काढली ती अशी, की एकाच जगाच्या अनेक समान प्रती काढाव्यात आणि खेळाडू त्यांत वाटून द्यावेत. या प्रतींना त्यांनी 'शार्ड' म्हणजे ठिकरी असे नाव दिले; एक जादूचे रत्न फुटले आणि त्याच्या प्रत्येक ठिकरीत जगाचे एकेक प्रतिबिंब उरले, अशी कथाही त्यासाठी रचली. पुढे जवळजवळ सर्वांनी हीच रीत स्वीकारली. ती सोयीची होती, स्वस्त होती. परंतु तिची एक किंमत होती. एका ठिकरीतील राजा दुसरीत अनोळखी असे. एका ठिकरीत पडलेला किल्ला दुसरीत शाबूत उभा असे. 'काय घडले?' या प्रश्नाला जितक्या ठिकऱ्या तितकी उत्तरे होती.

सीसीपीने ठरविले, की आपले विश्व एकच असेल. त्या सर्व्हरला त्यांनी 'ट्रॅन्क्विलिटी', म्हणजे प्रशांती, असे नाव दिले. जेथे अखंड युद्धे चालतात त्या ठिकाणाला हे नाव देण्यात थोडा विनोदही आहे. पाच हजारांहून अधिक तारकामंडळे, आणि जगभरातून येणारा प्रत्येक खेळाडू त्याच आकाशाखाली. पुढील दोन दशकांचा तांत्रिक इतिहास म्हणजे हा एकच शब्द पाळण्यासाठी चुकविलेल्या हप्त्यांची वही होय.

'एक सर्व्हर' याचा अर्थ एक यंत्र असा नव्हे. लंडनमध्ये ठेवलेला तो संगणकांचा समूह होता. त्याच्या रचनेतील खुबी भूगोलात दडलेली आहे. आकाशातील प्रत्येक तारकामंडळ स्वतंत्र असते आणि एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी तारकाद्वार ओलांडावे लागते. निर्मात्यांनी प्रत्येक मंडळाचा कारभार समूहातील एकेका संगणकप्रक्रियेकडे सोपविला. निर्जन मंडळे अनेक मिळून एका प्रक्रियेत राहत, गजबजलेल्या बाजारपेठेला स्वतंत्र यंत्र मिळे. खेळाडू द्वार ओलांडतो तेव्हा प्रत्यक्षात त्याची नोंद एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते. द्वारातून जाताना होणारा क्षणाचा विलंब खेळाडूला प्रवासाचा भाग वाटतो. खरे तर तो कारकुनी हस्तांतराचा वेळ असतो. सर्व मालमत्तेची नोंद मात्र एकाच मध्यवर्ती माहितीसाठ्यात ठेवलेली असे, आणि म्हणूनच वस्तूची दुबार नोंद होत नसे. हजारो लहान कामे एकाच वेळी हाताळण्यासाठी त्यांनी 'स्टॅकलेस पायथन' ही, क्रिस्तियान टिस्मर यांनी घडविलेली, संगणकभाषेची विशेष आवृत्ती निवडली. तिच्यात मोठा कार्यक्रम असंख्य हलक्या तुकड्यांत लिहिता येई. पण तिची मर्यादा अशी, की एका प्रक्रियेतील काम एका वेळी प्रक्रियकाच्या एकाच गाभ्यावर चाले. पुढे यंत्रांना गाभे वाढत गेले, तरी एका मंडळाला त्यांचा पुरेसा उपयोग होईना.

संकट आले ते गर्दीच्या रूपाने. युद्ध म्हटले की माणसे एकाच मंडळात लोटणार. तेथे प्रत्येकाची प्रत्येक हालचाल उरलेल्या सर्वांना कळवावी लागते. शंभर माणसे असतील तर दहा हजार निरोप, हजार असतील तर दहा लाख. माणसे दसपट, काम शंभरपट. यंत्राचा वेग वाढवून या गणिताला कधीच गाठता येत नाही. परिणामी मोठ्या लढायांत पडदे काळे पडत, आज्ञा मिनिटेच्या मिनिटे पोहोचत नसत, आणि कोणाची तोफ उडेल हे शौर्यावर वा डावपेचांवर नव्हे, तर नशिबावर ठरे. मोठ्या यात्रेच्या बंदोबस्तासाठी आगाऊ वर्दी द्यावी, तसे खेळाडूंनी मोठ्या लढाईची सूचना आधी द्यावी आणि कंपनीने त्या मंडळाला ताकदीचे यंत्र द्यावे, अशी सोय झाली. परंतु अचानक पेटणाऱ्या युद्धाला वर्दी कोण देणार?

२०११ मध्ये जाहीर झालेला आणि २०१२ च्या प्रारंभी अमलात आलेला उपाय मला या सर्व इतिहासातील सर्वांत विचारगर्भ वाटतो. त्याचे नाव 'टाइम डायलेशन', म्हणजे कालविस्तार. यंत्रावर भार वाढला, की त्या मंडळातील काळच मंद करावयाचा. गरजेप्रमाणे तो मूळ वेगाच्या एक-दशांशापर्यंत उतरतो. खेळातील एका सेकंदाला घड्याळातील दहा सेकंद लागतात. गर्दी झाली म्हणून कोणाला बाहेर काढावयाचे नाही, कोणाची आज्ञा गिळावयाची नाही; सर्वांनी सारखेच थांबावयाचे. तुटवडा टळत नाही, तो समान वाटला जातो. येथे अभियंत्यांनी न्यायाचा एक प्रश्न सोडविला आहे, असे माझे मत आहे.

त्याची कसोटी २७ आणि २८ जानेवारी २०१४ रोजी लागली. बी-आर-५-आर-बी नावाच्या मंडळावरील ताब्याचे देणे वेळेवर भरले गेले नाही. एवढ्याशा चुकीने तेथील हक्क उघडा पडला आणि दोन महाआघाड्या तुटून पडल्या. सुमारे एकवीस तासांत साडेसात हजारांवर खेळाडू त्या लढाईत उतरले. एका वेळी त्या मंडळात २,६७० पर्यंत जमले होते. 'टायटन' जातीची, तयार होण्यास महिनोन्महिने लागणारी, ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. नुकसानीचे मोल खऱ्या पैशांत सुमारे तीन लाख डॉलर धरले गेले. काळ बहुतांश एक-दशांश वेगाने चालत होता. म्हणजे एकवीस तासांची ही लढाई खेळातील घड्याळाने जेमतेम दोन तासांची. पण ती पूर्ण झाली. कंपनीने त्या मंडळात जहाजांचे भग्नावशेष कायमचे ठेवून दिले.

या उपायालाही अंत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एका लढाईत ६,५५७ खेळाडू एकाच वेळी उपस्थित होते आणि 'गिनेस'ने त्याची नोंद घेतली. त्याच युद्धात जानेवारी २०२१ मध्ये मात्र, एका मंडळावर पुन्हा एकदा प्रचंड ताफे चालून आले, तेव्हा यंत्रणा कोलमडली. कित्येकांना रणांगण दिसण्यापूर्वीच त्यांची जहाजे नष्ट झाली. २०१६ मध्ये सर्व यंत्रसामग्री नवी झाली होती, तरीही हे घडले. सोय वाढली की तेवढीच गर्दी वाढते, हा नियम नगररचनाकारांना परिचित आहे.

एक विश्व म्हटले, की त्याचा कारभारही आलाच. २००७ मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या पक्षाला गैरवाजवी लाभ करून दिल्याचे उघड झाले आणि मोठा क्षोभ उसळला. अन्य खेळांत रागावलेला माणूस दुसऱ्या ठिकरीत जाऊ शकतो. येथे जाण्यास दुसरी जागाच नव्हती, म्हणून न्याय मागणे भाग होते. २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेले प्रतिनिधी मंडळ अस्तित्वात आले. बाजाराच्या अभ्यासासाठी २००७ मध्ये ऐयोल्फुर गुदमुंडसन हे अर्थशास्त्रज्ञ नेमले गेले. ते पुढे आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २०११ मध्ये, साठ डॉलरहून अधिक किमतीचा एकडोळी चष्मा पात्रांसाठी विक्रीस आला आणि खेळापेक्षा दुकानदारी मोठी झाल्याची भावना पसरली. शेकडो खेळाडूंनी 'जिता' या बाजारमंडळातील एका पुतळ्यावर गोळीबार करून निषेध नोंदविला. त्या ऑक्टोबरात पेटुर्सन यांनी जाहीर क्षमा मागितली. पाठोपाठ सुमारे एक-पंचमांश कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करावे लागले. 'एक विश्व' या प्रतिज्ञेला अपवादही आहे, तो लपविण्याचे कारण नाही. चीनमधील खेळाडूंसाठी २००६ पासून वेगळा सर्व्हर उभा राहिला आणि तेथे निराळा इतिहास घडला. अपवादाने मूळ सिद्धान्त उलट स्पष्टच होतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकी वकिलातीवरील हल्ल्यात शॉन स्मिथ हे परराष्ट्र खात्याचे अधिकारी मृत्युमुखी पडले. या खेळात ते एक नामांकित मुत्सद्दी होते. बातमी कळताच मित्रपक्षांनीच नव्हे, प्रतिस्पर्ध्यांनीही आपापल्या अंतराळस्थानकांना त्यांच्या स्मृतीची नावे दिली. २०१४ मध्ये रेक्याविकच्या बंदरात खेळाडूंच्या पात्रांची नावे कोरलेले एक स्मारक उभे राहिले. अँड्र्यू ग्रोएन यांनी सहभागी खेळाडूंच्या मुलाखती आणि नोंदी जमवून २०१६ मध्ये या विश्वाच्या आरंभीच्या युद्धांचा इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला. राजवाडे ज्याला साधने म्हणत, ती येथेही कोणीतरी गोळा करावीच लागली. आणि ती गोळा करता आली, कारण सर्व साक्षीदार एकाच घटनेविषयी बोलत होते. त्यांची मते भिन्न होती, घटना भिन्न नव्हती.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अल्पमतीप्रमाणे असे आहे. समाईक इतिहासासाठी सर्वांचे एकमत लागत नाही, प्रेमही लागत नाही. या खेळातील माणसे परस्परांना फसवितात, लुटतात, वर्षानुवर्षे लढतात. लागते ते एवढेच, की सर्व जण एकाच जगात असावेत, एकाच काळात असावेत, आणि एकदा घडलेले कोणालाही पुसता येऊ नये. हे निसर्गतः मिळत नाही. त्यासाठी कोणीतरी यंत्रे जुळवावी लागतात, नोंदी राखाव्या लागतात, आणि गर्दीच्या वेळी सर्वांनी आपला वेग थोडा कमी करावा लागतो. मुलखाच्या कडेला राहून चार पिढ्या एक भाषा आणि एक शाळा टिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना या श्रमाचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात मोठी कामे करीत आहेत. अधिक माणसे आली म्हणून जगाचे तुकडे पाडावेत की काळ थोडा मंद करावा, असा निर्णय त्यांच्याही हाती केव्हातरी येईल. तेव्हा रेक्याविकच्या या मूठभर माणसांची त्यांना आठवण व्हावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.